तिथीचा हिशेब, पावसाचा भरवसा

यवतमाळच्या विद्यार्थ्याला भरती-ओहोटी हा परीक्षेपुरता धडा वाटतो; समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही घरच्या पंचांगातील तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ अदमासे कळते : चतुर्थीला तीन वाजता. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीस मिळते आणि समुद्राला उधाण येते. कोकणचा कोळी याच हिशेबावर होडी लोटतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भरतीने पाण्याचा निचरा अडविला. तो पाऊस अनपेक्षित होता, भरती नव्हे. तेव्हा सारी हानी दैवाच्या माथी मारता येत नाही.

यवतमाळच्या कोरडवाहू कापूस-उत्पादकापाशी मात्र पावसाचे असे कोष्टक नाही. जे आधी कळते, त्याची तजवीज न करणे हा शासनाचा दोष होय. जे कळत नाही, त्याचा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा? सिंचन आणि वेळेवर मिळणारा पीकविमा ही दया नव्हे; तो न्याय्य हिशेब आहे.