जीवनकौशल्याच्या तासाला शाळेचे रजिस्टर उघडा

जीवनकौशल्य हा शब्द आता शिक्षण खात्याच्या कागदांवर जागोजागी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची ओळख, निर्णयक्षमता, भावनांवर ताबा, ताणतणावाशी सामना वगैरे. ती वाईट आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचले, त्या घरातल्या मुलाचा ताण येतो कोठून? तहसील कचेरीच्या खिडकीवर, पोलीस ठाण्याच्या बाकावर आणि हप्त्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या माणसासमोर. तिथे दीर्घ श्वास घेऊन भागत नाही. तिथे कागद वाचता यावा लागतो.

महात्मा जोतीराव फुल्यांना हे १८८२ सालीच कळले होते. हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध लिहिता-वाचता येणे, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे ज्ञान, नीती व आरोग्याचे धडे असावेत असे मांडले. यातल्या मोडीकडे नीट पाहा. पोथ्या बाळबोधात असत. गहाणखत, कर्जरोखा आणि कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. ज्याला मोडी येत नाही तो कशावर अंगठा देतो हे त्यालाच ठाऊक नसे. मोडी व्यवहारातून गेली, पण मोडीची जागा रिकामी राहिली नाही. आज त्या जागी कर्जाचा करारनामा, पोलिसांनी लिहिलेला जबाब आणि पडताळणी समितीची त्रुटीपत्रे आहेत. ही नवी मोडी आमच्या हायस्कुलात कोणी शिकवत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या टेबलावर सर्वाधिक येणारी प्रकरणे दाखल्याची. बारावी विज्ञान झालेली हुशार मुलगी, गुण भरपूर, व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे. तिच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, आजोबांच्या नोंदीत ‘महार’, आणि आडनावाचे स्पेलिंग तिन्हीकडे वेगळे. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आता हे सारे प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात कसे जुळावे? शाळेत शिकत असताना चुकीची नोंद मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवून दुरुस्त करून घेता येते. शाळा सुटल्यावर तीच गोष्ट कित्येक पटींनी अवघड होते. म्हणजे नववीच्या वर्गात एका तासाला प्रत्येक मुलाला रजिस्टरातली त्याची स्वतःची नोंद दाखवली असती, आजोबांची शाळा कोणत्या गावी होती ते विचारून यायला सांगितले असते, तर काम झाले असते. फुकटात.

दुसरी गोष्ट पोलीस ठाण्याची. नागरिकशास्त्रात राज्यसभेची सदस्यसंख्या पाठ होते, पण एन.सी. आणि एफ.आय.आर. यांतला फरक पदवीधरालाही सांगता येत नाही. गंभीर गुन्ह्याची फिर्याद घेऊन गेलेल्याच्या हातात एन.सी.चा कागद ठेवून त्याला वाटेला लावतात आणि तो समाधानाने घरी येतो! १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाणेदाराने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवता येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळतो. एवढे समजायला वकिलीची सनद लागत नाही.

आणि कर्ज. आई गटातून दहा हजार रुपये घेते. सांगितलेला व्याजदर सरसकट बारा टक्के, बारा समान हप्ते. मुलगा चक्रवाढ व्याजाची गणिते सोडवतो, पण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागते आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. घटत्या शिलकेवर मांडले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. जामीनदाराचेही तसेच. करारात वेगळे लिहिले नसेल तर १८७२ च्या करार कायद्याने त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणून सही करणाऱ्यांना हे नोटीस आल्यावर कळते.

येथे एक सावधगिरी हवी. व्यवहारोपयोगी शिक्षण म्हटले की आमच्या मुलांच्या हाती पुस्तकाऐवजी हत्यार देण्याची घाई काहींना होते. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. प्रखर विरोधानंतर १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवण्याची कल्पना आहे. सर्वच मुले जात असतील तर हरकत नाही. पण इंग्रजी शाळेतला मुलगा मजेखातर चाक फिरवून येणार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला त्याच चाकाशी बांधले जाणार, असे होत नाही ना, हे पालकांनी पाहिले पाहिजे. गणित आणि विज्ञानाचा एकही तास कमी न करता हे शिकवता येईल. नागरिकशास्त्रातच जागा आहे.

शिक्षक म्हणतील, आधीच जनगणना, निवडणूक, पोर्टलवर माहिती भरणे, त्यात हे आणखी कुठे? तक्रार खरी आहे. म्हणून गावोगावच्या आंबेडकरी वकिलांनी, निवृत्त अव्वल कारकुनांनी आणि बँक कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एक तास द्यावा. जयंतीच्या व्यासपीठावर तास-तास बोलणाऱ्यांना हे जड जाऊ नये. सुरुवात रजिस्टरापासून करा. येत्या पालकसभेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची नोंद दाखवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, आणि अर्ज मुलाच्याच हाताने लिहून घ्या.