न्याय हवा, फास नको!

स्त्रीवरील अत्याचाराचा प्रश्न निघाला की आमच्या राज्यकर्त्यांचा हात सर्वप्रथम दोरखंडाकडे जातो. ४ डिसेंबर २०१७ रोजी मध्य प्रदेश विधानसभेने बारा वर्षांपर्यंतच्या बालिकेवरील बलात्काराला फाशीची तरतूद करणारे विधेयक संमत केले. २०१८ साली केंद्राने तोच कित्ता गिरविला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानेही ‘शक्ती’ विधेयक संमत करून फाशीचाच मार्ग धरला. सीमेवरच्या माणसाच्या बाबतीत ज्या दोन सरकारांचे सहसा जमत नाही, त्यांचे दोराच्या बाबतीत मात्र एकमत झाले! बालाघाटच्या नागरिकांना आमचा सवाल आहे : या दोराने आपल्या लेकीबाळी निर्भय झाल्या काय?

आपली वैनगंगा वाहत वाहत पुढे देसाईगंजला पोचते. तेथील पोलिस ठाण्यात १९७२ साली दोन पोलिसांनी आपल्यावर बलात्कार केल्याची तक्रार एका गरीब आदिवासी मुलीने केली. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, असे कारण दाखवून त्यांना मुक्त केले. त्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठिकठिकाणच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ हा स्त्रीचा शब्द न्यायालयाने गृहीत धरावा, असे ठरले. हा विजय फास आवळून नव्हे, स्त्रीच्या शब्दाला वजन देऊन मिळाला!

कोणी म्हणेल, नराधमाची कीव कशाला? आम्हांस त्याची कीव नाही. चिंता आहे ती मुलीची. अशा दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी तिच्या ओळखीचाच असतो. कधी काका, कधी शेजारी. घरच्याच माणसाच्या गळ्यात फास पडणार म्हटल्यावर तिची आईसुद्धा तिच्या तोंडावर हात ठेवील. आणि बलात्काराला व खुनाला एकच शिक्षा असेल, तर एकमेव साक्षीदार जिवंत ठेवण्याचे गुन्हेगाराला कारण उरत नाही. न्या. वर्मा समितीने २०१३ साली बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही, ती विचारपूर्वकच.

मग हवे काय? ‘गुन्हा आमच्या हद्दीतला नाही’ असे सांगून पीडितेला नदीपलीकडे पिटाळणे कायद्याला मंजूर नाही. हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदविलीच पाहिजे. न नोंदविणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र आहे. सरकारी वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. हे हक्क कागदावर आहेत. ते ठाण्याच्या उंबरठ्यावर आणणे हे आपले काम आहे.

फाशीची घोषणा सरकारला फुकट पडते. न्यायाला मात्र पैसा, माणसे आणि लाज लागते. नागरिकहो, मागायचा तर न्याय मागा!