रिपोर्ट नॉर्मल, पण दुखणं खरं

माझी अक्का लग्न होऊन थेट मध्य प्रदेशातल्या बालाघाटला गेली. गोंदियाला लागून असलेला तो जिल्हाही आपल्यासारखाच सीमेवरचा. इथे मराठी-कानडी, तिथे मराठी-हिंदी.

दोन वर्षांपूर्वी जिना चढताना तिच्या छातीवर पाटा ठेवल्यासारखं होऊ लागलं. कळ जबड्यापर्यंत जाई आणि बसल्यावरही लवकर थांबत नसे. आई कानडी घरची. तिला फोनवर अक्का म्हणाली, ‘एदे नोवु, अव्वा.’ भावजींनी तिला नागपूरला नेलं. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नव्हता! ‘टेन्शन घेऊ नका,’ म्हणून घरी पाठवलं. दुखणं मात्र राहिलंच. मग घरात ‘मनाचे खेळ’ सुरू झाल्याची कुजबुज. मीसुद्धा ‘योगासनं कर’ म्हणून मोकळी झाले. अक्काने सांगणंच सोडलं.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी उलगडा केला. अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. त्यांना फुटलेल्या केसासारख्या बारीक वाहिन्या दिसत नाहीत. गरज पडेल तेव्हा त्या नीट रुंदावल्या नाहीत किंवा आकसल्या, तर हृदयाला रक्त कमी पडतं आणि छाती दुखते. डॉ. हार्वे केम्प यांनी 1973 साली या कोड्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. 1996 मध्ये अमेरिकेत खास स्त्रियांच्या हृदयविकारावर ‘वाइज’ नावाचा अभ्यास सुरू झाला. अशा स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा धोका असतो, हे त्यातून दिसलं. पाळी जाण्याच्या वयात आणि त्यानंतर हा त्रास जास्त आढळतो. पुरुषांनाही होतो.

वाचकहो, रिपोर्ट नॉर्मल असूनही छाती दुखतच असेल, दम लागत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘बारीक वाहिन्यांचा दोष असेल का?’ स्ट्रेस एमआरआय, पेट स्कॅन अशा तपासण्या मोठ्या शहरांत होतात. प्रत्येक कळ हृदयाचीच नसते. पित्त, स्नायू यांचंही दुखणं असतं. पण ते डॉक्टरांनी ठरवावं, शेजारणीने नव्हे. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा, मिश्री-तंबाखू सोडा. छातीत जोराची कळ येऊन थांबेना, घाम फुटला, तर जुना रिपोर्ट चाळत बसू नका. 108 ला फोन करा.

अक्का आता गोळ्या घेते, रोज चालायला जाते. कळ कधीतरी येते, पण ती लपवत नाही. आणि मी फोनवर आधी विचारते, ‘नोवु हेगिदे, अक्का?’