‘उन्हाळी लागली, काहीतरी द्या’

चैत्र उजाडला की आपल्या औषधालयांत हे वाक्य वारंवार ऐकू येते. फळीवरून चंदनासवाची बाटली खाली येते, सोबत चंद्रप्रभा वटीची डबी, आणि व्यवहार संपतो. या सुलभतेविषयी आम्हांस चार शब्द लिहिणे भाग आहे.

चरकाचार्यांनी मूत्रकृच्छ्राचा विचार चिकित्सास्थानातील त्रिमर्मीय अध्यायात केला. हृदय व शिर यांच्या पंक्तीत बस्तीला बसविणाऱ्या शास्त्रकारांनी या व्याधीचे ८ प्रकार सांगितले, ते केवळ परीक्षेत लिहिण्यासाठी नव्हेत. दाह व पीत वा रक्तवर्ण मूत्र असलेला पित्तज, गौरव व शोथ असलेला कफज आणि अश्मरीजन्य, या सर्वांना एकच बाटली कशी चालावी? चंद्रप्रभेत गुग्गुळ, शिलाजतु व लोहभस्म यांच्याबरोबर क्षार आणि लवणेही आहेत. तीव्र दाहात तृणपंचमूळाचा क्वाथ वा धन्याचा हिम अधिक युक्त, असे आमचे मत आहे. चंदनासव तर गोड संधानकल्प. मधुमेही वा गर्भिणीच्या हाती तो विचारपूस न करता देणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

आणि हिम असो वा आसव, काही रुग्ण त्यावर थोपवून ठेवण्याजोगे नसतातच. थंडी वाजून ताप, कुशीत वेदना, उलट्या असतील तर संसर्ग वृक्कापर्यंत पोहोचल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयाची वाट दाखवावी. गर्भिणी, बालक, पुरुष वा मूत्रातून रक्त जाणारा रुग्ण असेल तर मूत्रपरीक्षण व कल्चर टाळू नये. कल्चरचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. मूत्रमार्गातून पूय येत असतानाही लाजेपोटी ‘उन्हाळी’ म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना, आणि त्यांच्या जोडीदारालाही, तपासणी व प्रतिजैविक चिकित्सा हवी.

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही. म्हणूनच ताप, गर्भ, मधुमेह व रक्त यांविषयी विचारणे हे विक्रेत्याचेच काम ठरते. प्रश्न विचारले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, ही व्यापारी बंधूंची तक्रार आम्ही ऐकली आहे. जाईना का!

जाता जाता गोखरूविषयी. लहान गोखरूचे फळ पाच खंडांचे, मोठ्याचे चौकोनी. भरड हाती आल्यावर हा भेद डोळ्यांना दिसत नाही. औषधनिर्मात्यांनी अखंड फळेच मागवावीत आणि समक्ष निवडून घ्यावीत.