नातवाने ऐकलेली मैफल

गवयाची ध्वनिमुद्रिका आणि त्याच्या मैफलीचे मुद्रण, या दोन गोष्टी वरकरणी एकाच जातीच्या वाटल्या तरी त्यांच्यात अंतर फार आहे. १९०२ साली गाइसबर्ग नावाचे गृहस्थ ग्रामोफोन कंपनीचे यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरले, तेव्हापासून हिंदुस्थानी गायकांना आपला राग तीन-साडेतीन मिनिटांत बसविण्याची सक्ती झाली. जो राग बैठकीत तासभर फुलावयाचा, त्याचे तबकडीवर जणू अत्तर काढावे लागे. सुगंध खरा, पण फुलाचा आकार काही हाती लागत नाही.

पुढे फितीची यंत्रे आली आणि रसिकांच्या दिवाणखान्यातील मैफल जशीच्या तशी टिपता येऊ लागली. सेकंदास ७.५ इंच या गतीने १,२०० फुटांची फीत सुमारे ३२ मिनिटे पुरे. म्हणजे ख्याल ऐन रंगात आला असता फीत उलटावी लागे आणि तेवढे गाणे कायमचे निसटे. तथापि जे उरले ते केवळ गाणे नव्हते. तंबोरे जुळविणे, गवयाचे खाकरणे, श्रोत्यांतील कोणाची उत्स्फूर्त दाद, कोपऱ्यातील लहान मुलाचे रडे, हे सारे त्या फितीत आले. शुद्धतेचे भोक्ते अशा मुद्रणास नाके मुरडतात. मला मात्र तबकडीपेक्षा ही फीतच अधिक मोलाची वाटते, आणि त्यास एक प्रसिद्ध दाखला आहे.

वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली विदर्भात मूर्तिजापूर येथे झाला. आयुष्याची कित्येक वर्षे त्यांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसा आकडेमोड आणि रात्री मैफल, असा तो संसार होता. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांचे नाव घरोघर पोहोचले. ३० जुलै १९८३ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांचे नातू राहुल पुरते चार वर्षांचेही नव्हते. आजोबांसमोर तंबोरा घेऊन बसण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तालीम त्यांनी इतर गुरूंकडे घेतली. आजोबांचे गाणे मात्र मुख्यत्वेकरून मुद्रणांतूनच त्यांच्यापर्यंत आले. पुढे त्यांनी ‘कट्यार’मधील तीच भूमिका रंगमंचावर उभी केली, आणि २०२२ साली पडद्यावर आलेल्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात तर ते स्वतः आजोबा झाले. त्यातील गायनाबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आता विचार करा. वसंतरावांचे गाणे बेभरवशाचे, म्हणजे पुढची तान कोठे वळेल याचा श्रोत्यांस थांग लागू नये असे. पेटीवर कधी कधी त्यांचे स्नेही पु. ल. देशपांडे असत. अशा गाण्याची तीन मिनिटांची तबकडी पाहिली तर तीत उत्तर सापडते. ते उत्तर शोधताना झालेली धडपड सापडते ती मैफलीच्या फितीत. एखादी जागा घ्यावयास जाणे, ती न साधल्यास हसून पुन्हा धरणे, मध्येच विचार बदलणे, हे ज्यास आजोबांसमोर बसून शिकता आले नाही त्या नातवास दुसरे कोण शिकविणार?

आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबे मॉरिशसहून येथे टॅम्पिनीस येथे आली. आपले पूर्वज करारावर सही किंवा अंगठा करून मुंबई बंदरातून गेले. १८३४ साली ‘ॲटलस’ जहाजाने मजूर पोर्ट लुईस बंदरी उतरले. तेव्हापासूनची दप्तरे मॉरिशसमध्ये जतन केलेली आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, पुढे पुढे छायाचित्रही. शरीराची इतकी मोजदाद करणाऱ्या साहेबास त्या माणसाचा आवाज टिपावयाची गरज भासली नाही, आणि साधनही नव्हते. कोकणातली जाखडी तिकडे झाकरी या नावाने तोंडोतोंडी राहिली, एवढेच.

त्यांच्या मुला-नातवंडांच्या आवाजाची गोष्ट निराळी आहे. माझ्या काकांनी मॉरिशसहून आणलेल्या सामानात एक फीत निघाली. डब्यावर ‘गणपती, रात्र दुसरी’ एवढेच शब्द. साल नाही, गाव नाही. पेटी थोडी बेसूर आहे, मृदंग चांगला आहे. दोन अभंगांच्या मध्ये एक बाई कोणास तरी दटावते की दिवा पुढे सरकव, बुवांना दिसत नाही. मी ते वाक्य गोंगाट समजून काढून टाकावयास निघालो होतो. ऐंशी वर्षांच्या आत्याने हात धरला आणि म्हणाली, ही आई. माझी आजी माझ्या जन्मापूर्वीच गेली. तिचे एवढेच शब्द आमच्या घरी आहेत, आणि तेही दिव्याविषयी.

येथील दमट हवेत फितीवर बुरशी लवकर धरते. बुरशी दिसल्यास फीत यंत्रावर चढवू नये. जाणत्याकडून साफ करवून प्रत काढावी, आणि डब्यावर साल, गाव व ओळखता येतील तितकी नावे लिहावीत. सिंगापूर सरकारने १९७९ सालीच मौखिक इतिहासाचे कार्य हाती घेतले. परंतु आपल्या आत्याचा कान सरकारच्या दप्तरी कोठून असणार? तो घरातच आहे तोवर वापरावयास हवा.

आमच्या फितीवरील चार आवाज आत्याने सांगितले. मृदंग वाजविणारा आणि शेवटच्या अभंगात वरच्या पट्टीत साथ करणारा मुलगा, हे दोघे राहिले आहेत. त्या काळी मॉरिशसमधील गणपतीच्या भजनांस बसलेले कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांनी एखाद्या रविवारी अवश्य यावे. फीत पाऊण तासाची आहे, चहा घरचा आहे.