पडदा एक, रुची अनेक

चित्रपटगृह चालविणे हा व्यवसाय आहे, धर्मादाय नव्हे, हे मान्यच. पण कोणता चित्रपट लावायचा हे ठरविणारा मालक नकळत गावाची रुचीही घडवीत असतो. पुण्यात १९३४ साली सुरू झालेले ‘प्रभात’ हे याचे ठळक उदाहरण. वास्तू किबे घराण्याची, व्यवस्था दामले कुटुंबाकडे. २०१४च्या अखेरीस ती परत किबे यांच्याकडे गेली; तोवर मराठी चित्रपटाचे ते हक्काचे घर होते.

ज्या प्रभात कंपनीचे नाव त्याला लाभले, तिने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिला आणि पुढच्याच वर्षी जरठ-कुमारी विवाह नाकारणाऱ्या नीरेचा ‘कुंकू’. भक्तिरसात रमणारा प्रेक्षक बंडखोर नायिकेलाही दाद देईल, हा विश्वास त्यामागे होता.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात आज हा विश्वास कोण दाखवितो? नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यातली. पण येथील किती तरुणांनी ‘संत तुकाराम’ मोठ्या पडद्यावर पाहिला असेल? ‘आपल्याकडे असले चालत नाही’ हे ठरलेले उत्तर. पूर्वी चित्रपटाच्या पेट्या लहान गावी उशिरा पोहोचत. डिजिटल प्रक्षेपणामुळे ती सबब उरलेली नाही. खरी अडचण रिकाम्या खुर्च्यांची आहे. तेव्हा जेथे पडदा शिल्लक आहे, तेथील मालकाने आठवड्यातला एक खेळ जुन्या वा वेगळ्या चित्रपटासाठी राखावा. शाळा, वाचनालये आणि महिला मंडळांनी त्याची तिकिटे आधीच उचलावीत. फुकट पास मागण्याची आपली जुनी सवय तेवढी घरी ठेवावी.