केस विरळ, कंबर रुंद

केस गळू लागले की पहिला संशय बोअरच्या पाण्यावर जातो, मग शाम्पूवर आणि शेवटी आनुवंशिकतेवर. अलीकडे या यादीत यकृताची भर पडली आहे. ‘लिव्हर साफ करा, केस परत येतील’ असे सांगत काढे आणि गोळ्या विकल्या जातात. हा दावा निराधार आहे. पण केस आणि यकृत यांचा संबंध अगदीच खोटा नाही.

पोटाचा घेर वाढला की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. रक्तातले इन्सुलिन वाढते, यकृतात चरबी साठते. असे यकृत लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी बनवते. त्यामुळे, विशेषतः स्त्रियांत, पुरुषी संप्रेरके रक्तात अधिक प्रमाणात मोकळी राहतात आणि केसांची संवेदनशील मुळे आक्रसतात. पीसीओएस असलेल्या अनेक तरुणींमध्ये अनियमित पाळी, विरळ केस आणि फॅटी लिव्हर एकत्र आढळतात. पुरुषांतले लवकर पडणारे टक्कल आणि चयापचयाचे विकार यांचा संबंधही अभ्यासांत दिसला आहे. मात्र एकामुळे दुसरे होते, हे सिद्ध झालेले नाही.

म्हणजे टक्कल हे यकृताच्या आजाराचे लक्षण नव्हे. पण ऐन तारुण्यात केस विरळ होत असतील आणि कंबरही वाढत असेल, तर तपासणीला तेवढे निमित्त पुरेसे आहे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढचा घेर धोक्याचा मानला जातो. अशांनी साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. केवळ एसजीपीटी नॉर्मल आले म्हणून निश्चिंत राहू नये. फॅटी लिव्हर असतानाही ते नॉर्मल येऊ शकते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तरीही केसांसाठी आलेल्या रुग्णाची कंबर मोजण्याची पद्धत अजून रुळलेली नाही. खरे तर त्यासाठी एक मोजपट्टी पुरते. त्वचारोग विभागांनी आणि खासगी केस क्लिनिकांनी ही सवय लावून घ्यायला हवी.

वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरले तर यकृताची सूजही कमी होऊ शकते. मात्र ते हळूहळू उतरवावे. उपासमार करून झटपट वजन घटवले, की दोन-तीन महिन्यांनी केस आणखी गळतात. गेलेले केस परत येतीलच असे नाही. यकृत मात्र वेळीच लक्ष दिले तर सावरते.